भूत बदललंय म्हणे!

आपल्याच सिनेमाला लोकांनी शिव्या घालाव्यात म्हणून पदरचं तिकीट काढून जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. सुताराने काढलं. तेही घराजवळचं थिएटर सोडून, दोन बस बदलून, जिथे ओळखीचं कुत्रंसुद्धा भेटणार नाही अशा भागातलं. दुपारचा खेळ, शेवटची रांग, दाराला लागून असलेली खुर्ची. ती जागा त्याने खिडकीवर हट्टाने मागून घेतली होती. तिथे डावा गुडघा लांब करता येतो, हे एक. दुसरं असं, की सिनेमा सुटला की सगळी गर्दी त्याच दारातून बाहेर पडते, आणि दाराशी माणूस जे बोलतो तेच त्याचं खरं मत. घरी पोचेपर्यंत त्यात शहाणपणाची भेसळ झालेली असते.

सिनेमा होता ‘भिंतीआडची’, भाग चौथा. आधीचे तीन ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी एवढंच समजून घ्यावं, की एका बिल्डरने शिवणकाम करणाऱ्या एका बाईला भिंतीत चिणलं आणि तेव्हापासून ती भिंतींमधून बाहेर येऊन सूड घेते आहे. पहिल्या भागात तिने बिल्डरला संपवलं. खरं तर विषय तिथेच मिटायला हवा होता. पण थिएटरं भरली, त्यामुळे मेलेल्या बिल्डरला एक भाऊ असल्याचं निघालं. तिसऱ्यात भागीदार निघाला. चौथ्यापर्यंत मारण्यासारखं कुणी उरलंच नाही, तेव्हा लेखकाने त्या इमारतीत वायरिंग करणारा वायरमन हुडकून काढला. बिचाऱ्याचा गुन्हा काय, तर भिंतीला भोक पाडताना आतून आलेला आवाज त्याने ऐकून न ऐकल्यासारखा केला. अशा गुन्ह्याला देहदंड द्यायचा म्हटला तर प्रत्येक इमारतीत दोन-दोन भुतं ठेवावी लागतील.

आणि ही भिंतीआडची म्हणजे दुसरी-तिसरी कुणी नाही, हाच आपला सुतार. चेहरा जवळून दाखवायचा असला की नटी यायची, डोळे वटारायची, निघून जायची. बाकी सगळं, म्हणजे भिंतीवरून डोकं खाली करून उतरणं, बोळातून चालत येणं, छताला चिकटून बसणं, हे सगळं सुताराचं. वर लांब केसांचा टोप, खाली पायघोळ पांढरा झगा, आणि आत पोटावर विजार आवळून बांधलेला, मुलीचं लग्न लावून मोकळा झालेला माणूस.

खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या मनात दोन मागण्या होत्या. सिनेमा पडावा, ही पहिली. भुताला मात्र कुणी नाव ठेवू नये, ही दुसरी. सिनेमा पडला तर पाचवा भाग निघणार नाही, आणि मग झगा मानाने खाली ठेवता येईल. गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्याला विचारलं होतं, “काम काय करता?”

“सुतारकाम.”

“मग भिंतीवर कशाला चढता?”

“चढतो कमीच, साहेब. उतरतो जास्त. डोकं खाली करून.”

डॉक्टरांनी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं, परत घातला, आणि सांगितलं की गुडघ्याची वाटी पार झिजली आहे, आणखी एकदा असला खेळ केलात तर पुढे काठी, नाहीतर चाकाची खुर्ची. हे बायकोने ऐकलं होतं. तेव्हापासून ती रोज चहाच्या कपासोबत एकच प्रश्न टेकवायची, “सोडताय ना?” तो म्हणायचा, “सोडतो.” आणि मनातून त्याला पक्कं ठाऊक होतं, की स्वतःहून सोडणं आपल्याच्याने होणार नाही. वीस वर्षं नवरा-बायको भांडतात पण काडीमोड घेत नाहीत, तसं ते नातं होतं. कोणीतरी तिसऱ्यानेच तोडायला हवं होतं.

हे भूत त्याच्या अंगाला लागलं कसं, त्याचीही एक गोष्ट आहे. मूळचा तो सेटवरचा साधा सुतार. प्लायवूडच्या भिंती उभ्या करायच्या, रंगाऱ्याच्या ताब्यात द्यायच्या, काम झालं की पाडायच्या. पहिल्या भागाच्या वेळी भिंतीवरून उलटं उतरायला कसरती करणारी एक मुलगी आणली होती. तिने भिंतीला हात लावला, भिंत जराशी कुरकुरली, मुलगी म्हणाली, “मी आईची एकुलती एक आहे,” आणि पिशवी उचलून चालती झाली. दिग्दर्शक सुतारावर खेकसला, “कसली भिंत बांधलीस रे? भिंत आहे का पापड?” सुताराला तुम्ही काहीही म्हणा, पण त्याच्या भिंतीला पापड म्हणालात की संपलं. त्याने कमरेची खिळ्यांची पिशवी सोडली, चपला भिरकावल्या, भिंतीवर चढून गेला, आणि पकडायच्या खुंट्या कुठे ठोकल्यात हे त्यालाच ठाऊक असल्यामुळे डोकं खाली करून सरसर उतरला. खाली येऊन रागारागाने दिग्दर्शकाच्या अंगावर चालत गेला. कॅमेरावाला चालू कॅमेरा सोडून मागे सरकला. दिग्दर्शक म्हणाला, “याला झगा घाला.”

जादू उतरण्यात नव्हती, त्या चालण्यात होती. सेटवरच्या जमिनीवर खिळे सांडलेले असतात. अनवाणी सुतार सरळ पाऊल टाकत नाही, आधी चवडा पुढे सरकवून जमीन चाचपतो आणि मग टाच टेकवतो. इतक्या वर्षांत त्याला ती सवयच झाली होती, घरात पाणी प्यायला उठला तरी तसाच चालायचा. पण अंधाऱ्या बोळात, पांढऱ्या झग्याखालून तोच पाय पुढे सरकायचा, तेव्हा वाटायचं की बाई फरशीखाली कुणालातरी शोधते आहे. बायका तोंडावर ओढणी घ्यायच्या. पुरुष उगाच खोकायचे. गल्लीतली पोरं महिनोन् महिने एकमेकांच्या मागे तशी चालायची, आणि खिडकीत विडी ओढत बसलेला सुतार मनात म्हणायचा, टाच लवकर टेकवतोयस रे, गाढवा.

पण हे मनातच. तेव्हाच्या निर्मात्याने जाहिरातच तशी केली होती: कोण आहे ती? कुणालाच माहीत नाही! कुणी म्हणायचं सर्कशीतली बाई आहे, कुणी म्हणायचं नृत्य शिकलेली परदेशी पोरगी. सुताराकडून तोंड बंद ठेवण्याचं वचन घेतलं होतं आणि त्याने ते पाळलं. सेटवरचे चारदोन लोक त्याला ‘वहिनी’ म्हणायचे, “वहिनी, झगा सांभाळा, जिना आला!” तेवढीच थट्टा. घरात फक्त बायकोला माहीत. मुलीला सांगितलं नाही, कारण पहिला भाग आला तेव्हा ती लहान होती आणि भिंतीआडचीला इतकी भ्यायली होती, की आई-बापाच्या मध्ये येऊन झोपायची. ज्याला भ्यायची त्याच्याच दंडाला घट्ट धरून. आता हे लेकराला कुठल्या तोंडाने सांगायचं?

तर सिनेमा सुटला. दिवे लागले. सुताराने कान टवकारले.

“वायरमनला मारून काय मिळालं हिला? उद्या लिफ्टवाल्याला मारेल.”

“पाचव्यात रंगारी. लिहून घे.”

“अरे, त्या वायरमनचं गाणं कशाला होतं मध्येच? मरायला निघालाय आणि गातोय.”

“मी तर झोपलो. तू उठवलंस का नाही?”

“उठवायला तसं काही घडलंच नाही.”

सुताराला एकेका वाक्यासरशी गुदगुल्या होत होत्या. पडला! सपशेल पडला! असं कान भरून निंदा ऐकण्याचं सुख नशीबवानालाच मिळतं. तो उठून गर्दीच्या मागोमाग लॉबीत आला आणि पाणी पिण्याचं निमित्त करून नळाशी उभा राहिला. तिथे दोन कॉलेजातल्या मुली आणि त्यांच्यातल्या एकीची मावशी उभ्या होत्या.

एक मुलगी म्हणाली, “गोष्ट गेली खड्ड्यात गं. पण भूत का बदललं?”

दुसरी म्हणाली, “बदललंय ना? मला वाटलं मलाच वाटतंय.”

“बदललंय म्हणजे? शंभर टक्के! आधीची चालायला लागली की माझ्या पोटात गोळा यायचा. ही बघ कशी चालते,” आणि तिने लॉबीत चारपाच पावलं टाकून दाखवली, मऊ, गुळगुळीत, एका लयीत.

मावशी म्हणाली, “अगदी नर्स राउंडला निघाल्यासारखी! मला तर वाटलं आता वायरमनचा ताप बघेल.”

तिघीही खो-खो हसल्या. सुताराच्या हातातला पेला तसाच राहिला. न राहवून तो म्हणाला, “एकच असेल हो ती. वय झालं असेल बिचारीचं.”

पहिल्या मुलीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “काका, तुम्ही आधीचे भाग पाहिलेत का?”

“पाहिलेत की.”

“नीट पाहिले असते तर असं म्हणाला नसता. ती वेगळीच होती. ही कुणीतरी स्वस्तातली आणून उभी केलीये.”

“मी बरेच जवळून पाहिलेत,” सुतार पुटपुटला, पण तोवर त्या गेल्या होत्या.

बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला. गुडघा ठणकत होता, पण ते दुखणं आज दुय्यम होतं. स्वस्तातली! चौथ्या भागात तो थकलेला होता हे खरं. भिंतीवरून अर्धंच उतरायचा, उरलेलं दिग्दर्शक कापाकापी करून भागवायचा. पण चालण्यात त्याने काही कसूर केली नव्हती. उलट चालायचे प्रसंग त्याने मागून घेतले होते. मग हे काय झालं?

रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले. जावई औषधांच्या दुकानात कामाला. माणूस लाखात एक, खोट एकच: ‘भिंतीआडची’चं वेड. फोनवर त्याने त्याच्यासारख्याच वेड्यांचा गट काढला होता, आणि गेले काही दिवस सगळे मिळून चौथ्या भागाची सालं काढत होते. त्याने ताटावर बसायच्या आधीच सुरुवात केली.

“बाबा, तुम्ही त्या स्टुडिओत असता ना? खरं सांगा. जुनी कुठे गेली?”

“कोण जुनी?”

“अहो, भूत!”

बायको वाढता वाढता थांबली. म्हणाली, “कुठे जाणार? बसली असेल घरी. कुणीतरी आयतं वाढत असेल तिला.”

“आई, थट्टा नाही. आमच्या गटात सातशे माणसं आहेत. सगळ्यांची एकच मागणी आहे, खरी परत आणा! चौथ्या भागातला जो कोण आहे, बाई असो वा बुवा, त्याने कृपा करून दुसरा धंदा बघावा.”

“बघेल हो,” सुतार म्हणाला. “तुम्ही जेवा.”

मुलगी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, “बाबा, तुम्ही नका नादी लागू. लग्नात सप्तपदीच्या वेळी पण हा मला तिच्या चालीबद्दल सांगत होता.”

“पण असं झालंय तरी काय त्या चालीला?” सुताराने शेवटी विचारलंच. आवाज सहज ठेवायचा प्रयत्न केला, पण घास हातातच राहिला.

जावयाला तेवढंच पाहिजे होतं. तो उठला, जोडे दाराशी होतेच, मोजेही काढून खिशात कोंबले. “हे बघा, ही आधीची.” आणि जेवणाच्या खोलीत, कपाटापासून खिडकीपर्यंत, जावई चालला. आधी चवडा पुढे. थांबला. जमीन चाचपली. मग टाच. सुताराच्या अंगावर काटा आला. गल्लीतल्या पोरांना जे जमलं नाही ते या औषधवाल्याला जमलं होतं. तो स्वतःच स्वतःकडे चालत येत होता.

“आणि ही आत्ताची.” जावयाने पायात सासूचे घरात घालायचे मऊ सपाट बूट अडकवले, कारण दाखवायला तेच जवळ होते, आणि सरळ, निर्धास्त, टाच आणि चवडा एकदम टेकवत परत आला.

सुताराने त्या बुटांकडे पाहिलं. मग मान वर केली, तर बायकोही बुटांकडेच बघत होती.

ती दवाखान्याच्या कपडेखान्यात काम करायची. चादरी, टॉवेल, डॉक्टरांचे डगले मोजून घ्यायचे आणि मोजून द्यायचे. दिवसभर उभ्या राहणाऱ्या नर्सा जे जाड रबरी तळव्याचे पांढरे बूट घालतात, तसा एक जोड तिने चौथ्या भागाच्या वेळी मुद्दाम त्याच्या मापाचा मिळवला होता. “अनवाणी फिरायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय,” असा दम देऊन. झग्याखालून ते दिसू नयेत म्हणून रात्री जागून झग्याची कड स्वतःच्या हाताने उसवून खाली सोडली होती. बूट सोन्यासारखे होते. पायाला खिळे लागण्याची भीतीच उरली नाही. आणि भीती उरली नाही, म्हणून पायाने जमीन चाचपायचंही सोडून दिलं. सेटवर सगळ्यांचं लक्ष त्याच्या गुडघ्याकडे होतं, पायाकडे कुणाचं गेलंच नाही. त्याचं स्वतःचंही नाही.

बायकोने चमचा भांड्यात ठेवला आणि आत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. सुतार जेवत राहिला. जावयाला म्हणाला, “छान चालता.”

“प्रॅक्टिस आहे, बाबा,” जावई लाजून म्हणाला.

संध्याकाळी मुलगी-जावई गेल्यावर दोघं समोरासमोर बसली. ती काही बोलेल म्हणून तो वाट बघत होता, तो काही बोलेल म्हणून ती. शेवटी तिने गुडघ्याला लावायचं मलम आणलं आणि त्याचा पाय मांडीवर घेतला. विषय निघाला तो शेजाऱ्यांच्या नळाचा.

दोनच दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन आला. “वहिनी, मालकांनी बोलावलंय. मीही आहे. येताना... बरं, या, बोलू तिथेच.”

आता या मालकांविषयी. जुना निर्माता तिसऱ्या भागानंतर थकून घरी बसला, आणि त्याच्याकडून भूत, भिंत, नाव सगळं विकत घेतलं एका फरशीवाल्याने. माणूस वाईट नव्हता. सिनेमा आणि फरशी यांत त्याला फारसा फरक वाटत नव्हता, एवढंच: गिऱ्हाइकाला जो नमुना आवडला तो परत मागवायचा. भूत कोण होतं हे जुन्या निर्मात्याने त्याला सांगितलं नव्हतं, गुपित म्हणून जे विकलं ते आतून उघडून कोण दाखवतो? दिग्दर्शक स्वभावाने भित्रा. चौथ्याच्या वेळी त्याने नुसतं सांगितलं होतं, “आपल्याच सेटवरचा एक सुतार आहे, तो करेल.” यावरून मालक काय समजायचं ते समजले: जुनी बाई गेली, तिच्या जागी हा आला.

ऑफिस मोठं होतं, आणि अर्थातच सगळीकडे चकचकीत फरशी. सुतार दारात क्षणभर थबकला. आज पायात साधे चामड्याचे जोडे होते. दिग्दर्शक कोपऱ्यात रुमालाने मान पुसत बसला होता.

“या, या, मिस्त्री. बसा,” मालक म्हणाले. “चहा घ्या. तुम्ही चौथ्यात काम केलंत, मेहनत केलीत, मला माहीत आहे. पण खरं सांगायचं तर लोक नाराज आहेत.”

“ऐकलंय मी,” सुतार म्हणाला.

“शिव्या घालतायत. पण गंमत बघा! शिव्या घालायला दोन-दोनदा येतायत. भूत खरंच बदललंय का, हे तपासायला येतात. असा धंदा मी फरशीत कधी पाहिला नाही. तर पाचवा काढायचा ठरलंय.”

सुताराने कप खाली ठेवला. पहिली मागणी गेली. सिनेमा पडला तो पडला, आणि पडूनही उभा राहिला.

“जाहिरात पण तयार आहे,” मालक पुढे झुकले. “‘ती, खरी ती, परत!’ आता प्रश्न एकच. ती कोण? हे आमचे दिग्दर्शक तोंड उघडत नाहीत, म्हणतात मिस्त्रींना विचारा. तुम्ही पहिल्यापासून सेटवर आहात. कोण होती ती बाई? राहते कुठे?”

दिग्दर्शकाने सुताराकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, पण कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

“मीच ती.” तीन अक्षरं. सुताराच्या जिभेच्या शेंड्यावर आली होती. इतकी वर्षं गिळलेली. नळाशी उभ्या त्या पोरीला बोलावून तिच्यासमोर म्हणावीत, जावयाला बोलावून म्हणावीत, मालकांच्या या गुळगुळीत फरशीवर जोडे काढून एकदा चालून दाखवावं. मालक खुर्चीत मागे सरकले असते. आणि मग म्हणाले असते, वा! बूट काढा आणि चढा भिंतीवर. इथवर त्याने विचार केला, आणि गुडघ्याने आठवण करून दिली, की चढणं आता बोलण्याइतकं सोपं नाही. पाचव्या भागात तो अनवाणी उतरला असता, पण अर्ध्यातच अडकला असता. मग नळाशी मावशी काय म्हणाली असती? “खरी आली गं, पण म्हातारी झाली.”

म्हणजे तीन चांगले भागही हातचे गेले असते. आज निदान एक बरं होतं. वाईट काम स्वस्तातल्या कुणाचं तरी होतं आणि चांगलं काम तिचं होतं. मध्ये भिंत होती. ती भिंत लोकांनी आपणहून बांधली होती, त्याला फक्त ती पाडायची नव्हती.

“होती एक,” तो म्हणाला.

“नाव?”

“सगळे वहिनीच म्हणायचे.”

दिग्दर्शकाला ठसका लागला.

“कुठे असते आता?”

“घरी. गुडघे गेले तिचे. डॉक्टरांनी बंद केलंय सगळं.”

“अहो, विचारून तर बघा! आपण गाडी पाठवू, माणसं देऊ. गुडघ्याचं ऑपरेशन करू पाहिजे तर!”

“विचारलं, मालक.” सुताराचा आवाज इतका थकलेला होता, की मालकांना ते खोटं वाटलंच नाही. “येणार नाही म्हणाली. पुष्कळ झालं म्हणाली. एका बिल्डरपायी किती जणांना मारायचं?”

मालक खुर्चीत रेलले. बोटांनी टेबलावर ताल धरला. “मग अवघड झालं. कारण तुम्हाला परत घेता येणार नाही, मिस्त्री. वाईट वाटून घेऊ नका. पण लोकांनी तुमच्यावरच ठपका ठेवलाय. भूत तुम्हाला जमत नाही.”

“खरं आहे,” सुतार म्हणाला. ते म्हणताना त्याला वाटलं होतं त्याहून जास्त लागलं. “नवीन कुणी तरुण बघा. आणि एक करा. ज्याला घ्याल त्याला पायात काही घालायला देऊ नका. अनवाणी चालवा, जमिनीवर थोडे खिळे टाकून.”

“खिळे? ते कशाला?”

“तिच्या वेळी असायचे.”

बाहेर जिन्यात दिग्दर्शकाने त्याचा हात धरला. म्हणाला, “सावकाश उतरा.” सुतार कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. खाली पोचेपर्यंत दिग्दर्शक वर उभाच होता.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. त्याने जोडे काढले, खुर्चीत बसला आणि म्हणाला, “सुटलो.”

“म्हणजे?”

“काढलं मला. भूत जमत नाही म्हणाले.”

आता तुम्हाला वाटेल बाई आनंदाने टाळ्या पिटेल. इतके दिवस हेच मागत होती की. पण तिच्या हातातली सुरी थांबली. “जमत नाही? तुम्हाला? कोण म्हणालं? तो फरशीवाला?”

“लोकच म्हणतायत.”

“लोकांना काय कळतंय! मी जाते उद्या त्याच्याकडे. सांगते त्याला कोण होतं ते. पहिल्या भागाच्या वेळी पाठीवर वळ उठले होते ते मी शेकलेत. त्याला काय माहीत?”

“तू कुठेही जायचं नाही.”

“का नाही?”

“सांगितलंस तर पाचव्यात उभा करेल मला.”

सुरी पुन्हा चालू लागली, पण हळू. मग खाली मान घालूनच म्हणाली, “माझ्यामुळे झालं. ते बूट...”

“बुटांनी काय होतंय?” तो पटकन म्हणाला. “ते नसते तर चौथा पुरा झालाच नसता. अर्ध्यात आडवा झालो असतो.” यात निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं त्याने आपल्याकडे ठेवलं आणि आयुष्यभर ठेवणार होता. तिनेही ते ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

बातमी फुटायला वेळ लागला नाही. मालकांनीच फोडली, कारण तीही जाहिरातच. पुढच्या रविवारी जावई आला तो पडलेल्या चेहऱ्याने. जेवायला बसला, पण पहिला घासही उचलला नाही.

“ऐकलंत ना, बाबा? ती नाही येणार. आजारी आहे म्हणे. गटात सगळे हळहळतायत. काही जण तर रडले.”

“रडले?” सुताराने विचारलं.

“मग! कुणी लिहिलंय की लहानपणी तिच्यामुळे रात्री बाथरूमला जायला आईला उठवावं लागायचं. एकजण म्हणाला, तिच्यासारखं पाऊल पुन्हा होणे नाही.” मग जरा जोर येऊन म्हणाला, “आणि तो चौथ्यातला जो कोण होता ना, त्याला काढला. ते मात्र बरं झालं.”

“हो,” सुतार म्हणाला. “ते बरंच झालं.”

मुलीने बापाकडे एकदा नीट पाहिलं. काय दिसलं कुणास ठाऊक, तिने फोन उपडा ठेवला आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी वाढलं.

जावई आता सुताराकडे वळला. “बाबा, तुम्ही तिला पाहिलंय ना प्रत्यक्षात? कशी होती हो?”

इतक्या वर्षांत हे सुताराला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. पण त्याच्या आधी बायकोच बोलली. “कजाग! घरात कुणाचं ऐकायची नाही. दुखलं-खुपलं सांगायची नाही. आणि घोरायची अशी, की भिंत हलायची.”

“आई! तुम्हाला कसं माहीत?”

“सेटवरचे लोक सांगतात,” सुतार म्हणाला, आणि गुडघ्याखाली उशी ओढून घेतली. “कामाला मात्र चांगली होती. जेवा आता, गार होतंय.”